चौथी चूल

आई, परवा रविवारी तुझं ऑफिसातलं मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं काम माझ्याकडे आलं. तुझं म्हणजे तू होतीस तेव्हाचं नव्हे. ते केव्हाच भंगारात गेलं, त्याच्या जागी दुसरं आलं. पण आतली वाटणी तू करून गेलीस तशीच राहिली, म्हणून मी अजून तुझंच म्हणतो. नोकरी तरी कुठे माझी आहे? तू गेल्यावर विमा कंपनीने मला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. कुठल्या टेबलाशी बसवायचं यावर खल चालला होता, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मॅडमचा मुलगा आहे, कॉम्प्युटरच्या खोलीतच बसवा. तेव्हापासून तुझ्याच खोलीत आहे. मे महिन्यात अख्खं जयपूर भाजून निघत असायचं आणि तू खोलीतल्या एसीच्या गारठ्यासाठी शाल घेऊन कामाला निघायचीस. मानसरोवरच्या बसस्टॉपवर बायका तोंडावर पदर घेऊन हसायच्या. आता मी स्वेटर घेऊन मेट्रोत बसतो. मलाही हसतात.

शेजारी बसवून असं तू मला काही शिकवलं नाहीस. मी शिकलो ते स्वयंपाकघरात. सुट्टीच्या दिवशी हमखास ऑफिसातून फोन यायचा, पलीकडचा ऑपरेटर घाबरलेला असायचा, आणि तू रिसीव्हर कान आणि खांद्यात धरून भाकरी थापत राहायचीस. अजून दिसतेस तशीच. एक हात परातीत, डोळे तव्यावर. "भैया, घबराओ मत. पहले उससे पूछो वो कौन है. जवाब मुझे पढ़के सुनाओ. हां. अब बंद करो." मी एकदा विचारलं, की मशीन एकच आहे, मग त्याला कोण आहेस म्हणून काय विचारायचं? तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "अरे, बाहेरून कपाट एक दिसतं, आत चार बिऱ्हाडं आहेत. एक घर, चार चुली. प्रत्येकाला वाटतं घर आपलंच. विझवायची एक आणि पाणी ओतलंस भलतीवर, तर तिथली माणसं उपाशी राहतील ना लेका. आणि जो दुसऱ्याकडून घेतो त्याला आधी निजवायचं, देणाऱ्याला शेवटी. उठवताना उलटं. चारही निजले की मगच कपाटाच्या विजेला हात लावायचा." एवढं सगळं भाकरी फुगेपर्यंत. पुढे कंपनीने मला ट्रेनिंगला पाठवलं, जाडजूड पुस्तकं दिली, पण त्यांत याहून वेगळं काही सापडलं नाही. घरचा कॉम्प्युटर मी एकदा सरळ भिंतीवरच्या बटणाने बंद केला होता, आठवतं? "समोरचा बोलतोय आणि तू त्याच्या तोंडावर हात ठेवलास," एवढंच म्हणालीस आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मला तेव्हा तो अन्याय वाटला होता.

आमच्या धंद्यातली चूक तू म्हणालीस तशीच असते, भलत्या चुलीवर पाणी. चारही बिऱ्हाडांचे पडदे दिसायला सारखे, काळ्यावर पांढरी अक्षरं. हुकूम बरोबर, पण भलत्याच पडद्यावर, की झाला सत्यानाश. म्हणून मी आजही प्रत्येक वेळी आधी विचारतो, तू कोण? उत्तर आलं की मोठ्याने वाचतो. खोलीत कुणी नसलं तरी वाचतो. उत्तर यायला क्षणभर लागतो, आणि त्या क्षणात मला हमखास वाटतं की मागे कुणीतरी शाल सावरत उभं आहे आणि ऐकतंय. मी कधी वळून बघत नाही. तुझी भीती वाटते असं नाही. वळलो आणि मागे कुणीच नसलं तर, याची वाटते.

रविवारी बिल्डिंगचा विजेचा पॅनल बदलायचा होता, म्हणून सगळंच बंद करायचं होतं. त्यातच आमच्या मॅनेजर मॅडमनी सांगून ठेवलं होतं, "उठाते समय चौथा मत उठाना. उसकी मेमरी पहले को दे दो." त्यांचं काही चुकलं नाही. चौथी चूल तू नवख्यांच्या सरावासाठी मांडली होतीस. भांडी फोडायची ती इथे फोडा, दुसऱ्यांच्या घरात नको, असं म्हणायचीस. आता नवखे येतच नाहीत. आणि पहिल्यावर जुन्या पॉलिसींचे मृत्यूचे दावे चालतात, तो मेमरी कमी पडून सारखा अडकतो. सोडाल्याच्या शाखेत बायका खिडकीपाशी ताटकळत उभ्या राहतात. त्या खिडकीपाशी मीही उभा राहिलो आहे, तुझ्या दाखल्याची झेरॉक्स हातात धरून. तेव्हा पडदा अडकला होता आणि आतला माणूस म्हणत होता, "बस दो मिनट, भाईसाहब." त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो होतो.

कंपनीने मदतीला एक इंजिनिअर पाठवला होता. सीकरचा आहे, बोलका, हुशार. म्हणाला, "सर, ये चौथा किसका है?" मी म्हटलं, "घर का है." तो हसला आणि चहा सांगायला गेला. शहाण्याला शब्दाचा मार, पण हा त्यातला नव्हे, परत आल्यावर पुन्हा विचारलंच.

बंद करायचे दोन प्रकार असतात हे तुला काय सांगायचं. एक साधा, बिऱ्हाड निजतं आणि उठवलं की होतं तसंच उठतं. दुसऱ्यात ते थांबून राहतं, धड चालू नाही, धड मेलेलं नाही, आपली भांडीकुंडी दुसऱ्याला वाटून टाकण्याची वाट बघत. दोन्ही हुकमांत फरक एका अक्षराचा. मी साधा हुकूम दिला असता तर चौथी चूल पुन्हा पेटली असती. त्या इंजिनिअर पोराला वाटलं असतं सरांची चूक झाली, विषय पुढच्या शटडाउनवर गेला असता, आणि तोवर ती माझ्याजवळ राहिली असती. आई, मला ती विझवायची नव्हती. बोट त्या अक्षरावर ठेवून बसलो होतो. एरवी ऊठसूट कानाशी बोलतेस, कांदा चिरतानासुद्धा सोडत नाहीस. नेमकी तेव्हा तू गप्प होतीस. मग मला ती खिडकी आठवली, आणि मी बरोबर अक्षर दाबलं.

त्याआधी, आत कुणाचं काही राहून गेलं नाही ना हे बघायला मी शेजारच्या पडद्यावरून चौथ्यात शिरलो होतो. काही नव्हतं, जुन्या सरावाचा कचरा होता. तो पडदा तसाच उघडा राहिला आणि त्यावर ओळ उमटली. बाकी तिघांवर बंद होण्याची सूचना हेड ऑफिसची आहे, इंग्रजीतली, रुक्ष. चौथ्यावरची तू लिहिली होतीस. ती बंद होताना जो आत बसलेला असेल त्यालाच दिसते, आणि तुझ्यानंतर तिथे कुणी बसलंच नव्हतं. रोमन अक्षरं, मराठी तुझी. मशीन बंद होतंय. हातातलं काम ठेवा. उठा. घरी जा, जेवून घ्या.

पोरगा वाकून बघायला लागला. "सर, एरर है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. "बोल रही हैं, खाना खा लो."

"कौन?"

मी पडद्याकडेच बघत राहिलो. त्याने चहा माझ्यापुढे सरकवला.

बाकी सगळं नीट झालं. चौथ्याची मेमरी पहिल्याला दिली, पॅनल बसल्यावर तिघांना तुझ्याच क्रमाने उठवलं, देणारा आधी. सोमवारी पहिला एकदाही अडकला नाही. मॅडमनी फोन करून शाबासकी दिली.

बनी पार्कच्या दवाखान्यात त्या शेवटच्या संध्याकाळी तू मला हेच सांगितलं होतंस. ऊठ आता, घरी जा, जेवून घे. मी उठलो. घरी गेलो, वरणभात कालवला, आणि दुसरा घास हातात असताना फोन वाजला. परवा ती ओळ आल्यावर मशीन थोडा वेळ थांबलं, आतल्याने निघून जावं म्हणून. तेवढी सवड तूच ठेवली असणार. ओळ पुन्हा आली. उठा. पुन्हा एकदा आली. मी बसून राहिलो. शेवटी पडदा मिटला आणि मशीननेच मला बाहेर काढलं.

हे कुणाला दाखवायचं नाही, धाडायचं तर नाहीच. या खेपेला तुझं ऐकलं नाही, एवढंच सांगायचं होतं.