दोघांनी विणायचा बाक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, जन्मभर सभांमधून बोलत आलेली बाई, हे मृत्युपत्र शांत डोक्याने, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर बसून वाद घालावा. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आजवर ते कोणाला जमलेलेही नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या दोन मुलांना, थोरल्याला आणि धाकट्याला, निम्मी निम्मी.

२. सगळी पुस्तके नातीला. समासात मी लेखकांशी भांडले आहे. ते खोडू नये. पटले नाही तर खाली आपले लिहावे.

३. टोचा, सुरी आणि लाकडी खुंट्या थोरल्या सुनेला. ही हत्यारे माझ्या दिवंगत पतींची. ते वेताच्या खुर्च्या विणत. आमची ओळख सभागृहातली: मी व्यासपीठावर, ते मागे मोडक्या खुर्च्या घेऊन बसलेले. म्हणाले, "भाषण लांबू द्या, बाईसाहेब. माणसं चुळबुळली की वेत तुटतो, आणि माझं पोट भरतं."

हाताच्या कामाची थोरवी मी गावोगाव सांगितली, पण वेत हाती धरला तो साठीनंतर. मी विणलेली खुर्चीची पहिली बैठक झोळीसारखी लोंबली. ते तीत बसले आणि म्हणाले, "झकास झालीय. आता मला उठवा." त्या दिवशीचा आनंद टाळ्यांनी मला कधी दिला नव्हता. माझे ठाम मत आहे की जो हात काहीच घडवत नाही, तो शेवटी दुसऱ्याकडे बोट दाखवायलाच उरतो. सुनेने हे काम माझ्याकडून गुपचूप शिकून घेतले आहे. थोरल्याला हे इथेच कळेल. तिची वीण माझ्याहून सरस आहे.

४. सभागृहाच्या व्यवस्थापकांना काहीही नाही. त्यांनी वेताच्या खुर्च्या भंगारात काढून प्लॅस्टिकच्या आणल्या. माझ्या शोकसभेला त्यांनी यावे आणि सगळी भाषणे संपेपर्यंत त्यांतल्याच एकीवर बसावे.

५. आता पुढच्या खोलीतला लांब बाक. वडील गेल्यावर त्यांचे खुर्च्या विणायचे दुकान ठेवायचे की बंद करायचे, यावरून मुलांचे वाजले. धाकटा म्हणाला, "बाबांच्या धंद्याची लाज वाटते तुला." थोरला म्हणाला, "तुला दुसरं काही येत नाही, म्हणून तो हवाय." दुकान बंद झाले, बोलणेही. तेव्हापासून दोघे मला भेटायला येतात ते वेगवेगळ्या दिवशी, आणि मी एकच चहा दोनदा करते.

या बाकाची जुनी वीण मी परवा कापून काढली. आता नुसती चौकट उरली आहे. एवढा रुंद बाक एकट्याला विणता येत नाही. एकाने वर बसायचे, दुसऱ्याने खाली उताणे निजून टोक भोकातून वर द्यायचे. लहानपणी तुम्ही दोघे हे करत होता. खालून धाकटा कुरकुरायचा, "डोळ्यात भुसा पडतोय." वरून थोरला म्हणायचा, "मग मीट की डोळे. हातांना कुठे दिसायला लागतं?" आणि दोघे हसत सुटायचे.

बाक विणून होईपर्यंत घराची वाटणी होऊ नये, अशी अट मी घालणार होते. वकील भाचा म्हणाला, "मावशी, ही अट कोर्टात उभी राहणार नाही."

"तुझं कोर्ट राहू दे उभं," मी म्हणाले. "मला ते दोघं एकत्र बसलेले हवेत."

तरी अट मी काढली आहे. धाक दाखवून विणलेला बाक मला नको. घर बिनशर्त तुमचे. बाक मात्र दोघांना मिळून दिला आहे, आणि त्याची वाटणी नाही.

वेताची नवी जुडी कपाटामागे आहे. आधी भिजवा, कोरडा वेत वळत नाही, तुटतो. खाली कोणी निजायचे यावरून भांडू नका, आलटून पालटून निजा. मी हजारो माणसांना पटवले, तुम्हा दोघांपुढे मात्र माझी वाणी थिटी पडली. म्हणून समेटाचे भाषण करत नाही. खालच्याने टोक वर द्यावे आणि म्हणावे, "ओढ." सुरुवातीला एवढे बोलणे पुरे.

वरील मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही: तुमची आई

साक्षीदार: शेजारचे शिंपीकाका (सही), कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली. बसायला जागा नसल्याने सर्वांनी उभ्यानेच सह्या केल्या.

तारीख: ९ मार्च