शंभरावर एक गाठ

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (पुस्तकांमुळे खोलीत आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा उभ्यानेच गोड मानून घ्या). तुमची पाठ कशी आहे? मामीचे गुडघे? मी मजेत आहे, म्हणजे वेळेवर जेवते आणि आपल्याला हात दोनच आहेत असं धरून चालते.

सर्जरीची जागा एक, उमेदवार चाळीस, प्रात्यक्षिक परीक्षा गुरुवारी सकाळी दहाला. तुमच्या वेळची रीत अजून चालू आहे: महिनाभर रोज टाक्यांच्या दोऱ्याने खुर्चीच्या पाठीला शंभर गाठी मारायच्या आणि एकही सोडायची नाही. त्यामुळे हॉस्टेलातल्या सगळ्या खुर्च्यांना दाढ्या फुटल्यात. हॉस्टेल आता मुलींचं झालंय, आणि मला तर तुमचीच तीस वर्षांपूर्वीची खोली मिळाली आहे, आणि खुर्चीही बहुतेक तीच (एक पाय लंगडा).

तर झालं असं, की सकाळी शंभर मारून, कुलूप लावून वॉर्डात गेले, चारला येऊन त्या दिवशीच्या मोजल्या तर एकशे एक. माझं गणित तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही एक जास्त. ती माझ्यासारखी ओबडधोबड नव्हती. घट्ट, नेटकी आणि डाव्या हाताची (मला डाव्या हाताने चहाचा कपही धरवत नाही). शेजारणीवर संशय घेतला, तर ती तीन दिवस बोलली नाही. शेवटी शनिवारी वॉर्डाला दांडी मारून खुर्चीसमोर ठाण मांडलं. अडीचच्या सुमारास दोऱ्याचं एक टोक हळूच उभं राहिलं, वळलं आणि गाठ बसली. भीती वाटलीच, पण खरं सांगते, त्याहून हेवा जास्त वाटला.

ती गाठ कापून सर्जरीच्या म्हाताऱ्या सरांना दाखवली (माझीच म्हणून, लाज सोडून). त्यांनी चष्मा दोनदा पुसला. म्हणाले, अशी गाठ मारणारा एकच डावखुरा पाहिला. परीक्षेत हात थरथरला म्हणून गाठ अर्धी टाकून उठला, तो पुन्हा आलाच नाही. मामा, डावखुरे तर तुम्हीही, पण तुम्ही सांगत आलात की सर्जरी तुम्हाला कधी आवडलीच नाही, आपले कातडीचे रोगच बरे. काल मामीला फोन केला. ती म्हणाली, तुम्ही दुपारी दोन ते चार झोपता आणि झोपेत चादरीच्या सुटलेल्या दोऱ्यांना गाठी मारता; नंतर सोडवता सोडवता तिच्या नाकी नऊ येतात. फोन ठेवल्यावर मी खुर्चीवरच्या तुमच्या गाठी शोधून मोजल्या. फार वाईट वाटलं.

तुमची भाची

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गुरुवारी दहा ते अकरा कृपा करून जागे राहा. मामीला चहा देत राहायला सांगितलं आहे. नापास झाले तर माझ्याच हातांनी होईन.

ता. क. दुसरा. आज सराव-परीक्षेत माझा हात थरथरला. वरचं खोडलं असं समजा. गुरुवारी दहाला जरा आडवे व्हाल का?

(पाकिटाच्या पाठीवर) पाकीट मी डिंकाने चिकटवलं होतं. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत आणि त्याला दोरा गुंडाळलेला आहे. गाठ अर्धीच आहे, टोक थरथरतंय. मी ते बोटांत धरलं, मामा. थरथर थांबली. दोघांचीही.