एका जागी घासलेला टायर

४ फेब्रुवारी

माझी बस डेपोत लावून लेकीच्या बसचे टायर आज तपासले. नुसत्या डोळ्यांनी नव्हे, तळहात फिरवून. सगळीकडे सारखे! कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. डेपोतला टायरवाला म्हणाला, "काका, पोरगी ब्रेक दाबते की नुसती फुंकर घालते?" मी मिशीतल्या मिशीत हसलो. शिकवलं कुणी? "थांबा दिसला की आधी वेग सोड, मग ब्रेक. घाई केलीस तर ब्रेक टायर खातो" — जेवताना, चालताना ऐकवून तिचे कान किटवले होते मी.

५ फेब्रुवारी

पुढच्या आठवड्यात तिला नोकरीत कायम करायचं की नाही ते ठरणार. डेपोचे साहेब गाडीची अवस्था बघूनच ठरवतात. मग माझ्या लेकीला काय काळजी! निम्म्या गल्लीला सांगून झालं.

९ फेब्रुवारी

नाक कापलं! मागचा डावा टायर एका जागी साफ चपटा. चाक जाम होऊन फरफटत गेल्याशिवाय असं होत नाही. आता बस चालली की ढब ढब धक्के बसतात.

"झोपली होतीस का?"

"नाही, बाबा."

"मग एवढा करकचून ब्रेक कशाला?"

ती जेवणाची ताटं गोळा करू लागली. साहेबांनाही कारण सांगितलं नाही म्हणे. माझं डोकंच फिरलं. नको ते बोललो. ती ताटं उचलून आत गेली.

१० फेब्रुवारी

अबोला. तिची आई दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणाली, "टायर नवा मिळतो हो." मी पेपर वाचत असल्याचं सोंग केलं. सगळा वेळ एकच पान समोर होतं.

११ फेब्रुवारी

तिचा कंडक्टर येऊन गेला. म्हणाला, "तिनं शपथ घातलीय काका, पण राहवत नाही. बाजाराच्या वळणावर एक जण खाली मान घालून थेट बसपुढे आला. हॉर्नवर हॉर्न दिले, ऐकूच गेले नाहीत. हातभर अंतर राहिलं. तो आपला चालतच राहिला!"

"कोण हा बेअक्कल?" मी ओरडलो.

तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुम्हीच, काका. ती म्हणाली, बाबांना ऐकू येत नाही हे डेपोत कळायला नको, नाहीतर त्यांना गाडीवरून उतरवतील."

साहेबांना सांगायला निघालोय. आत्ताच.