खुडूक

आई, ठिपक्यांची कोंबडी खुडूक बसली आणि मी तिच्या नाकात पीस घातलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू त्या वाक्याची वाट बघत राहणार नाहीस. तू होतीस तेव्हा आपल्या परड्यात कोंबडीने अंडी घालणं थांबवून ठाण मांडलं, की दोन दिवसांत तिला उठवलं जायचं. तू तिच्याच शेपटीचं एक पीस उपटायचीस, नाकाच्या एका भोकातून घालून दुसऱ्यातून बाहेर काढायचीस आणि तसंच ठेवायचीस. कोंबडी मान झटकत, पायाने नाक खाजवत दिवसभर फिरायची, बसायचं विसरायची, आणि काही दिवसांनी पुन्हा अंडं द्यायची. मी तिचे पाय धरायचे. मी दहा वर्षांची असेन, एकदा मी पाय सोडले. ती ओरडली म्हणून नाही, तिचा एक डोळा माझ्यावर होता म्हणून. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. "दया आली? मग उद्या डब्यात दयाच घेऊन जा शाळेत," म्हणालीस, आणि कोंबडी पुन्हा पकडून आणून पीस माझ्या हातात दिलंस. "घाल. आता तूच घालायचं."

मी घातलं. पहिल्याच वेळी नीट गेलं, रक्ताचा थेंब आला नाही. शेजारची काकू मागच्या दारात अंडी न्यायला उभी होती. तिला तू म्हणालीस, "हात हलका आहे गं पोरीचा." त्यानंतर ते काम माझंच झालं. मी शिकले ते सगळं त्या परड्यातच शिकले, शाळेत नंतर. कणी किती भिजवायची, आजारी कोंबडी तुरा बघून कशी ओळखायची, कोंबडीखाली अंडी ठेवायची तर विषमच का ठेवायची. शेवटच्याचं कारण तुलाही माहीत नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "माझ्या आईने मला विचारू दिलं नाही, मी तुला देतेय, एवढं पुरे कर." मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले की माझ्याकडे बघून तू हाच शब्द वापरायचीस. "बसली खुडूक." घरातल्या बसलेल्या प्रत्येकाला उठवायचं तुझ्याकडे काहीतरी असायचंच. बाबांसाठी आवाज, कोंबड्यांसाठी पीस, माझ्यासाठी केरसुणी. एक पांढरी मात्र उठवली तरी पुन्हा दोनदा बसली. सारखी खुडूक होणारी कोंबडी काय कामाची, म्हणत तू तिला त्या वर्षी गटारीला कापलीस. मी पोट दुखतंय म्हणाले आणि जेवले नाही. "आली परत दया," म्हणालीस, पण माझ्यासाठी वेगळं वरण लावलंस.

तुला जाऊन तेरा वर्षं झाली. बाळकुममध्ये आपल्या घराच्या तिन्ही बाजूंना टॉवर आलेत. परडं होतं तेवढंच आहे, फक्त ऊन आता अकरानंतर येतं. तू खाडीवरून मागून आणलेली मासेमारीची जुनी जाळी मी काढून टाकली. ती फाडून मुंगूस आत यायचं आणि तू दर वेळी सुतळीने शिवायचीस, जसं काही मुंगसाला सुतळीचा धाक होता. मी जाड तारेची चौकोनी जाळी लावलीय आणि ती हातभर जमिनीत पुरलीय, कारण घूस खालून येते. पावसात खुराड्यापुढे चिखल व्हायचा, कोंबड्यांचे पाय सुजायचे. तिथे मी लाकडाचा भुसा टाकते आणि दर रविवारी स्वतः उपसते. बसायच्या बांबूच्या सांध्यांत पिसवा होतात, तिथे चुना भरते. अंगावर घ्यायला त्यांना राख लागते. आपली चूल गेली, मी बेकरीतून गोणी भरून आणते. संध्याकाळी कडी लावल्यावर तीनदा बघून येते. तुला हे जास्त वाटेल. वाटू दे. तुझ्या काळात वर्षाला पाच-सहा कोंबड्या जायच्या, माझी दोन वर्षांत एक गेली, आणि ती म्हातारी होऊन.

दोन वर्षं कारण मी तेव्हापासून घरी आहे. डोंबिवलीच्या एका कंपनीत मी क्वालिटीत होते. मी न केलेल्या तपासणीवर माझी सही हवी होती. मी केली नाही, आणि मग तिथे थांबणंही जमलं नाही. आता मावशीचा फोन येतो तेव्हा ती हसत विचारते, "काय गं, अजून खुडूकच का?" पहिले काही महिने मी कारणं सांगायचे. आता सांगते, "हो मावशी, अजून बसलेय."

तर ठिपक्यांची बसली. मी तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, प्रत्येकावर पेन्सिलने फुली मारली, म्हणजे दुसरी कोणी त्यांत अंडं घालून गेली तर ओळखता यावं. सातव्या दिवशी बाथरूमचं दार लावून, दिवा बंद करून, मोबाइलच्या टॉर्चवर एकेक धरून बघितलं. नवांत लाल शिरा दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. दोन कोरी होती, ती काढली. मी किती वेळ तिथे उभी होते कोण जाणे, बाबांनी दार वाजवलं. "अगं, मला जायचंय. तू कोंबडीबरोबर आंघोळ करतेयस काय?"

मागच्या टॉवरच्या सेक्रेटरी काकू फाटकापाशी आल्या तो बारावा दिवस. "एवढे पैसे घालून फ्लॅट घेतला तो काय कोंबड्याच्या बांगेने उठायला?" मी म्हणाले, "काकू, कोंबडा पंधरा दिवसांपूर्वी मामाकडे शहापूरला गेला. आता तुम्हाला कोण उठवतंय ते बघायला लागेल." मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. कापला, पण नंतर, घरात आल्यावर. त्यांनी तक्रार केलीच. महापालिकेचा माणूस सोमवारी पाहणीला येईल असा निरोप आला. सोमवार म्हणजे एकोणिसावा दिवस.

बाबा घाबरले. तुझ्यामागे ते सगळ्याच कागदांना घाबरतात. "सोमवारच्या आत सगळ्या मामाकडे सोडून येऊ. रिकामं खुराडं दाखवू, मग परत आणू." मी म्हटलं, बाकीच्या सहा न्या, ही हलणार नाही. आता हलवली तर अंडी गार पडतील, आत पिल्लं मरतील. "मग पीस घाल ना. तुझी आई दोन मिनिटांत उठवायची." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "तुलाच तर यायचं ते. ती सगळ्यांना सांगायची." मी पुन्हा नाही म्हणाले. मग ते स्वतः डालगं घेऊन तिला झाकून उचलायला गेले. तिने अंग फुगवून त्यांच्या मनगटावर अशी चोच मारली की ते डालगं तिथेच टाकून आले आणि हळद लावत म्हणाले, "दोघी सारख्याच आहात." आई, या घरात मला आजवर कोणी असं चांगलं बोललं नव्हतं.

कोणतीच कोंबडी गेली नाही. रविवारी मी भुसा बदलला, पाण्याची भांडी घासली, गटाराकडच्या कडेला चुना मारला. सोमवारी तो माणूस आला. वयस्कर, शांत. जाळी हलवून बघितली, वाकून वास घेतला. "कोंबडा?" नाही. "ही का उठत नाही?" बसलीय, आज एकोणीस. तो गुडघ्यावर हात ठेवून खाली बसला. "किती ठेवलीत?" अकरा. "विषम," तो म्हणाला, जसं काही मी परीक्षेत बरोबर लिहिलं होतं. मी विचारलं, काका, विषमच का? तो म्हणाला, "आमच्या गावीही कोणी सांगितलं नाही." मग वहीत काहीतरी लिहिलं आणि उठला. "स्वच्छता अशीच ठेवा. पिल्लांत कोंबडे निघाले तर आवाज फुटायच्या आत द्या." बाबा सरबत घेऊन येईपर्यंत तो गेलाही होता.

बुधवारी सकाळी तिच्या पंखाखालून चिवचिव आली. नवांपैकी सात. दोन अंडी फुटलीच नाहीत, ती मी लिंबाखाली पुरली. सात पिल्लं भुशात तिच्या मागे मागे फिरतात आणि ती त्यांना पायाने माती उकरून दाखवते. कोणाला तरी शिकवताना इतकं मऊ राहता येतं हे मला या वयात एका कोंबडीकडून कळलं. हे तुला लागेल असंच लिहिलंय. तू तीन घरांच्या पोळ्या लाटून आल्यावर कोंबड्या बघायचीस, तुला अंडी हवी होती, हे मला कळतं. तरीही पीस घालायला नको होतं. पाय धरायला मला लावायला नको होतं. समोर असतीस तरी हेच बोलले असते, असं वाटतं.

हा कागद घडी करून कणीच्या डब्याच्या झाकणाखाली ठेवणार आहे, तो तिथून कुठेही जाणार नाही. म्हणून एक लिहिता येतं. गटारीला कापलीस ती पांढरी खुडूक नव्हती. पहिल्यांदा होती, ते पीस तू सांगितलंस म्हणून घातलं. नंतरच्या दोन्ही वेळी ती फक्त अंडं घालायला बसली होती. मी तिला तशीच उचलली, पीस घातलं, आणि तू कामावरून आल्यावर तुला दाखवायला घेऊन आले. तू दोन्ही वेळा तिची मान वळवून नीट बघितलंस आणि म्हणालीस, हात हलका आहे.