शेळीच्या पाठीवर किती वजन

३ एप्रिल, गुरुवार
डेव्हनच्या देशी बाजारातून आलो. येताना मागचं उजवं चाक खड्ड्यात गेलं आणि माझी शेळी, म्हणजे ही जुनी गाडी, अशी ओरडली की सुधाकाकूंनी मागच्या सीटवर रामरक्षाच सुरू केली. नलू म्हणे, "कुसुम, तुझ्या गाडीला कफ झालाय." रिटायर झाली तरी डॉक्टरकी सुटत नाही. म्हणलं मग दे इंजेक्शन.
डिकीत आठ घरांचा आटा, गूळ, कढीपत्ता, रमाबेनचे तेलाचे डबे. उजवी बाजू खाली बसलीय म्हणून सगळा आटा डावीकडे लावला. मग डावी बसली. झाली बरोबरी.

४ एप्रिल, शुक्रवार
चूक माझीच. फोन स्पीकरवर आणि मी गाडी मागे घेत होते. मंदारचा हर्नडनहून रोजचा हजेरीचा फोन.
"आई, तो आवाज कसला?"
म्हणलं, डिशवॉशर.
"ड्राइव्हवेत?"
पोरगं आयटीत आहे, अगदीच बुद्दू नाही.
निकाल लागला. मेकॅनिकला दाखवायची. धड नसली तर विकायची आणि मी हर्नडनला जायचं कायमचं. बेसमेंटमधली खोली तयार आहे, फुल बाथरूम आहे. दर वेळी ते बाथरूम मध्ये आणतो. जसं काय इथे शॉमबर्गात मी नदीवर जाते.
शिवाय गेल्या वर्षीचं वचन आठवण करून दिलं. देऊळ, लायब्ररी, डॉक्टर. हायवे नाही, माणसं भरायची नाहीत. मी हो म्हणाले होते खरी. भात लागत होता, फोन ठेवायची घाई होती.

७ एप्रिल, सोमवार
मारेककडे नेली. पोलिश माणूस, मिशीवाला. तो त्याचं इंग्लिश बोलतो, मी माझं, दोघांनाही व्याकरणाची भीती नाही, म्हणून पटतं.
गाडी वर उचलली. हे जाऊन सहा वर्षं झाली, गाडी त्याआधीची, पण खालून कधी बघितली नव्हती. आपल्या माणसाचा एक्स-रे बघावा तसं वाटलं. पुढचे दोन्ही शॉकअप तेल गळतात. रबरं फाटलीत. मागची उजवी स्प्रिंग टोकाला मोडलीय, तो तुकडा मारेकने हातातच दिला.
"मॅडम, काय वाहता? सिमेंट?"
म्हणलं, विधवा बाई, दुःख वाहते.
त्याने स्प्रिंग फिरवून फिरवून बघितली. "दुःखाने हे मोडत नाही. हे सिमेंट."
हसला नाही मेला. पण कॉफी दिली.

९ एप्रिल, बुधवार
म.ने तक्ता पाठवला. तीन रकाने. एक, होते तसेच पार्ट. दोन, मागे जाड स्प्रिंगा, ओझं वाहणाऱ्यांसाठी. तीन, स्पोर्ट. लाल स्प्रिंगा, गाडी तीन सेंटिमीटर खाली, वळणावर हलत नाही म्हणे. मी वळणावर एवढी हळू असते की मागचे लोक माझी जात काढतात. माझं काय हलायचंय.
मग विचारलं, "आई, खरं सांग. गाडीत किती जण असतात?"
"मी आणि तुझ्या बाबांचा फोटो."
"डिकीत?"
"छत्री."
लगेच तिसरा रकाना हिरवा केला. मला कळलं कशासाठी. कॉलेजात असताना ह्यांच्या जुन्या गाडीला त्याला असल्याच स्प्रिंगा बसवायच्या होत्या. हे म्हणाले होते, गाडी जमिनीला टेकवून काय पेरायचंय? तेव्हापासून पोराच्या मनात राहिलंय. वीस वर्षांनी आईच्या शेळीवर हौस.
नको म्हणता आलं असतं. पण का नको ते सांगावं लागलं असतं. दुसरा रकाना हवा म्हटलं की विचारणार, कसलं ओझं.

१० एप्रिल, गुरुवार
गाडी मारेककडे. डेव्हन नाही. सुधाकाकूंचा दोनदा फोन. सून फ्रोजन पोळ्या आणते, म्हणे ओल्या पुठ्ठ्यासारख्या लागतात. म्हणलं सुनेला सांगा. "सुनेला सांगायचं असतं तर तुला कशाला फोन केला असता?"
हेही बरोबर.

१५ एप्रिल, मंगळवार
पार्ट आले. मारेकने फोन करून बोलावलं. लाल स्प्रिंग हातात धरून उभा होता.
"हे कोणी निवडलं?"
"माझ्या मुलाने."
"इथे राहतो?"
"व्हर्जिनियात."
"बरं आहे. लांब आहे."
मग म्हणाला, मॅडम, नक्की एकट्याच बसता ना? मुलाने फॉर्मवर लिहिलंय, एक माणूस, ओझं नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघून हो म्हणाले. बिनधास्त. शाळेत गुरुजींना पाटी घरी राहिली म्हणून सांगायचे तश्शी.

१८ एप्रिल, शुक्रवार
शेळी आली. शेळी कसली, अंड्यावर बसलेली कोंबडी. आवाज गेला. खडखड, करकर काही नाही. तेवढं मानलं पाहिजे, रस्ता धरून चालते आता. पण बसताना मी धपकन खाली जाते आणि उतरताना गुडघे देवाचं नाव घेतात. शेजारणीच्या ड्राइव्हवेच्या उंचवट्यावर पोट घासलं. गाडीचं.
म.ला फोटो पाठवले. "आई, वॉव. यार, काय दिसतेय." किती दिवसांनी एवढा खूश. नात रिया मागून म्हणाली, "Aaji, your car looks mad." वेडी नाही म्हणे, भारी असा अर्थ.
खूश आहे तर असू दे म्हणलं. आणि स्वतःचाच राग आला.

२४ एप्रिल, गुरुवार
काय लिहू.
चौघी गेलो. जाताना टायर मडगार्डला घासून जळका वास. नलू म्हणे, "कुणी पापड भाजतंय का?" रमाबेन कायम खिडकीतून तोंड बाहेर काढून बघायची.
डेव्हनला दोन चकरा मारून पार्किंग मिळालं. दोन आठवड्यांची साठलेली यादी होती, सगळं भरलं. निघालो आणि दुकानामागच्या चढावर गाडी पोटावर बसली. पुढे नाही, मागे नाही. मागे चार गाड्या हॉर्न देतायत. मग तिघींना उतरवलं. सुधाकाकू चप्पल हातात घेऊन चढ चढल्या, का ते विचारलं नाही. नलूने ट्रॅफिक अडवला, दोन्ही हात आडवे करून, ॲम्ब्युलन्स आल्यासारखी. खाली काहीतरी खर्रर्र झालं आणि शेळी वर.
घरी येईपर्यंत कोणी जोरात श्वासही घेतला नाही. वजन वाढेल म्हणून.
नलू उतरताना म्हणाली, "पोराला सांगून टाक."
म्हणलं, तू सांग. तुला डॉक्टर म्हणून वाईट बातमी द्यायची सवय आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार
मारेक गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो बोटाला पीठ लावून. डिकीच्या फटीतून गळलेला आटा.
"सिमेंट," म्हणाला.
टायरची कड खाल्ली गेलीय, मागचे नवे रबरी ठोकळे चेपलेत. ह्या लाल स्प्रिंगा एकट्या माणसाच्या. मागे जाड बसवायला पाहिजेत, नाहीतर मैत्रिणी बदला म्हणे, बारीक शोधा.
ठीक आहे, बसव गुपचूप, म्हणलं. तेव्हा खांदे उडवले. रिपोर्ट फोटोंसकट आपोआप ईमेलवर जातो. ईमेल फॉर्मवर लिहिलेलं.
फॉर्म म.ने भरला होता.

२६ एप्रिल, शनिवार
ओरडला असता तर बरं झालं असतं. मी तयारीत होते, चार उत्तरं पाठ केली होती.
"आई, फोटोत कढीपत्ता आहे."
"हो."
"मी एक माणूस धरून पार्ट घेतले. हायवेवर टायर फुटला असता तर? चार जणी होतात. मी निवडलं होतं ते, आई. मी."
रिया मागून, "Aaji got caught," म्हणाली. तिला कोणीतरी श्श केलं.
पुढच्या रविवारी येतोय. गाडी हलवायची नाही. आणि बेसमेंटमधल्या खोलीला रंग देऊन झाला, असंही सांगितलं. कुठला रंग विचारलं नाही मी.
त्याच्या त्या "मी"ने झोडपलं. माझं खोटं मला सोसतं. ते त्याच्या गळ्यात पडेल हे डोक्यातच आलं नाही.

४ मे, रविवार
म. आला. बॅग ठेवून आधी गाडीखाली. ह्यांचं जुनं जॅकेट घालून, टॉर्च तोंडात. मी चहा घेऊन उभी. खालून नुसते पाय. पाय अगदी ह्यांचे, तेच आतल्या बाजूला वळलेले अंगठे.
बाहेर येऊन म्हणाला, "गुरुवारपर्यंत इथूनच काम करतो. गुरुवारी मला डेव्हनला ने. नेहमी नेतेस तसं. सगळ्यांना घेऊन."
म्हणलं, तुला कुठे बसवू?
"मध्ये."

६ मे, मंगळवार
दोन दिवस एका घरात. तो लॅपटॉपशी बोलतो, मी कुकरशी. आज जेवताना विचारलं, काय गं आई, ऑनलाइन मागवता येतं ना सगळं? म्हणलं, येतं. सुधाकाकू पण ऑनलाइन येतात का? त्या आठवड्यात एकदाच घराबाहेर पडतात.
भाकरी आणखी एक घेतली त्याने.

८ मे, गुरुवार
टायर तेवढे काल मारेककडून बदलून घेतले. म. मागे मधोमध. डावीकडे रमाबेन, उजवीकडे सुधाकाकू, दोन्हीकडून पर्सा टोचतायत. नलू पुढे. हायवेवर मी पंचावन्न. त्याच्या पायाखाली ब्रेक नाही तरी दाबत होता, आरशात दिसलं.
सुधाकाकू म्हणाल्या, "मंदार, तुझी आई फार छान चालवते. रामरक्षा एकदाच होते आता, आधी दोनदा व्हायची."
तेवढं सांगायची काय गरज होती.
डेव्हनला उतरून त्याने मला गाडी लावायला हात दाखवला, ये, ये, बस. दुकानदार त्याला म्हणाला, "आप आंटीजी के ड्रायवर हो?" हो म्हणाला.
निघताना सगळं भरून, सगळ्या बसल्यावर म्हणाला, "कोणी उठू नका." टेप काढून टायर आणि मडगार्डमधली फट मोजायला लागला. चारही बाजू. फूटपाथवर माणसं बघायला थांबली. मग फोन काढून खिडकीशी आला.
"काकू, सॉरी, तुमचं वजन?"
पासष्ट ते ऐंशी वयाच्या बायकांना, भर रस्त्यात.
सुधाकाकू, "पंचेचाळीस." लग्नातलं सांगत असणार. रमाबेनने कानात सांगितलं, त्यातही उतरवूनच. नलू म्हणे, डॉक्टरांचं वजन गोपनीय असतं, पंचावन्न लिही. मला विचारलं तर मी म्हणलं, पन्नास. निमूट लिहून घेतलं चौघींचं.
तिघींना येताना चढावर उतरवलं. तोही उतरला, आट्याच्या दोन पिशव्या खांद्यावर घेऊन चढ चढला.

९ मे, शुक्रवार
म. गेला. जाताना गाडीची किल्ली माझ्याजवळच ठेवली पण म्हणाला, "अजून काही ठरवलं नाहीये मी, आई. हिशेब करतो. वजन गाडीत नीट बसलं तर बघू. नाहीतर..."
नाहीतर पुढे रंग दिलेली खोली.
विमानतळावरून मेसेज, वजनं मिळून दोनशे दहा किलो धरतोय, शिवाय आटा.
दोनशे दहा. नुसतं नलूचं आणि माझं मिळून...
परत तेच. एक माणूस आणि छत्री.

१० मे, शनिवार
बाथरूममधला वजनाचा काटा पिशवीत घालून फिरले, चालत. नलूने दार उघडलं, पिशवी बघून लावायला लागली. पाय मध्ये घातला. "कुसुम, मी बीपी मोजून देते, हे नको." म्हणलं, चढ. चढली. दोघींनी आकडा बघितला. ती म्हणाली, "काटा जुना आहे." मी चढले. "हो, जुनाच आहे," मी म्हणलं.
रमाबेनने बांगड्या काढल्या, स्वेटर काढला, मग केसांचा चिमटा काढला. थांबवलं तिला.
सुधाकाकू हात धरून चढल्या. त्यांचं तेवढं खरं निघालं. सेहेचाळीस. सुनेकडे बघून म्हणाल्या, "पुठ्ठा खाऊन."
सगळे खरे आकडे म.ला पाठवले. माझा सगळ्यात वर. खाली आठ घरांचा आटा, पिशव्या मोजून. तेलाचे डबेही लिहिले. शेवटी लिहिलं, छत्री कधीच नव्हती.
त्याचं उत्तर, "ठीक."
नुसतं ठीक. ह्यांचा मुलगा.

१३ मे, मंगळवार
काही नाही. रोजचा फोन आला. हवा कशी, गुडघे कसे. गाडीचं अक्षर नाही. मी पण गप्प. मला गप्प बसायला किती जड जातं ते ह्यांना विचारायला पाहिजे होतं.

१४ मे, बुधवार
दुपारी दारात खोकं. माझ्या नावाने, म.ने पाठवलेलं. उचलायला गेले, हललं नाही. पायाने ढकलत आत घेतलं. वर लिहिलंय जड आहे, दोघांनी उचला. ते कळलंच.
स्प्रिंगा असतील. नाहीतर बेसमेंटमधल्या खोलीचं काहीतरी, इथलं सामान बांधायला मोठ्ठी बॅग पाठवतो म्हणाला होता हिवाळ्यात. हलवून बघितलं, वाजत नाही. नलूने येऊन स्टेथोस्कोप लावला. खरंच लावला. "ठोके नाहीत."
म.चा मेसेज, "उघडू नकोस. मीटिंग संपली की फोन करतो."
मारेकला फोन केला, उद्या सकाळी जागा आहे का. म्हणाला, कशासाठी? म्हणलं, माहीत नाही अजून. म्हणाला, आठ वाजता या.
चार वाजून गेले. मीटिंग चालूच. सुधाकाकूंचा फोन, उद्या गुरुवार, मेथी लिहू की नको?
म्हणलं, पेन्सिलने लिहा.