आमच्या कंपनीचं तोंड

१३ जानेवारी १९५७, रविवार
कंपनीच्या सभेचा खरा खर्च: चक्का पाच रुपये, केशर सव्वा रुपया, वकील श्रीधरपंतांची फी पंधरा. शिवाय प्रतिभाचा अबोला, पण तो हिशेबात धरत नाही.
कर्णप्रिय साउंड सर्व्हिस प्रायव्हेट लिमिटेड. भागधारक तीन: मी, बायको प्रतिभा, मेहुणा गोपाळकृष्ण. ठराव: कंपनीला राजकीय देणगी देता यावी म्हणून नियमावली बदलणे. मोठमोठ्या गिरण्या हेच करताहेत. देणगी भय्यासाहेबांना. ते निवडून आले की सिंहस्थातल्या लाउडस्पीकरचं काँट्रॅक्ट आपलं, तसा शब्दच दिलाय. नाही मिळालं तर नवे अँप्लिफायर बँक उचलून नेणार.
मी भाषण केलं. घटनेने बोलायचं स्वातंत्र्य दिलंय. कंपनीला तोंड नाही, म्हणून ती पैशाने बोलते. श्रीधरपंत वा म्हणाले. प्रतिभाही उभी राहून काहीतरी म्हणाली, पण तेव्हाच मी नवा माइक टेस्ट करत होतो. विरोध नाही असं धरून ठराव मंजूर.
एकेकाळी देवास गेटच्या एका दुकानात भोंगे पुसत होतो, आज डायरेक्टर आहे, तो या कानांच्या जोरावर. एकदा ऐकलेला आवाज हे कान विसरत नाहीत.

२१ जानेवारी
ठराव पडला! श्रीधरपंत म्हणतात, तीन चतुर्थांश मतं लागतात आणि शंभरातले तीस शेअर प्रतिभाचे. (इन्कम टॅक्ससाठी मीच केले. दूरदृष्टी.) तिने भर सभेत विरोध केला होता म्हणे. पंतांना ऐकू आला, मला नाही? माइकचा दोष.
घरी जाब विचारला. म्हणाली, अहो, कंपनीला तोंड नसून तिचं तुम्हाला ऐकू येतं, आणि मला तोंड असून... तेवढ्यात भय्यासाहेबांचा माणूस आला. पुढचं राहिलं.

४ फेब्रुवारी
तोड निघाली. देणगी नाहीच, आठ भोंगे फुकट! कायद्यात चोख बसतं. श्रीधरपंतांना विचारणार नाही.
भय्यासाहेबांविरुद्ध उभ्या चारुलताबाई, कन्याशाळेतल्या मास्तरीण, अपक्ष. एकच भोंगा, तोही आमचाच. गोपाळकृष्णाने पूर्ण भाड्याने दिला, रोख अॅडव्हान्स घेऊन. दया आली. भाडं परत केलं नाही.

१७ फेब्रुवारी
टावर चौक. भय्यासाहेबांच्या आठ भोंग्यांखाली भोंग्यांहून थोडीच जास्त माणसं. पलीकडे चारुलताबाईंच्या टांग्यापुढे गर्दीने रस्ता बंद. टांग्याच्या पडद्याआडून कुणी बाई बोलत होती: "भाइयो, आठ भोंगे एक ही बात आठ बार कहते हैं! चंदा सेठ का, पर वोट तो आपका है!" लोकांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, पण धंद्याच्या नजरेने. काय आवाज! फाटत नाही, घासत नाही, मालीपुऱ्यापर्यंत जाईल. असा आवाज उभ्या जन्मात ऐकला नव्हता.
घरी येऊन प्रतिभाला सांगितलं, ही बाई शोधून महिना साठ रुपयांवर ठेवणार. म्हणाली, कमी आहेत. बायकांना धंदा कळत नाही.

१९ मार्च
भय्यासाहेब पडले. चारुलताबाई निवडून आल्या. भय्यासाहेबांचा निरोप: तुमचे भोंगे खरखरत होते. फुकटचे आठ वापरून वर हे! बँकेचा माणूस अँप्लिफायर मोजून गेला. चहा पाजला.

२ एप्रिल
सिंहस्थाच्या मेळा समितीने बोलावलं! काँट्रॅक्ट मिळेल, अट एकच: हरवलेल्यांची नावं पुकारायला टावर चौकातली तीच बाई हवी. मी छाती ठोकून सांगितलं, "वो तो घर की ही समझो, साहब." अशा वेळी थोडं वाढवून बोलावं लागतं.

३ एप्रिल
सकाळीच चारुलताबाईंकडे गेलो, त्या बाईंचा पत्ता मागितला. त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, भाऊ, तुमच्याच घरचा पत्ता तुम्हाला काय देऊ?
घरी आलो. प्रतिभा कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, नव्वद घेईन. आणि मी बोलत असताना माइक टेस्ट करायचा नाही.
दोन्ही मान्य केलं.
आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली.