न घेतलेल्या गोळ्या बंद केल्याच्या दाखल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
करुणोदय रुग्णालय, पुणे.

विषय : कु. अपेक्षा हिच्या केसपेपरवरील चुकीची नोंद खोडून इंजेक्शन मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाचा तोंडी नकार.

महोदय,

अर्जदार दशरथ खोब्रागडे हे मूळचे भंडाऱ्याकडील, हल्ली मुक्काम बिबवेवाडी. त्यांची कन्या अपेक्षा हिंजवडीत कॉम्प्युटर कंपनीत नोकरीस असून तिला जन्मापासून सिकलसेल आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून शिरांत अडकल्या की हाडे फुटल्यागत कळा येतात. सध्या ती आपल्याच वॉर्डात त्या सोसत आहे.

अशा रुग्णांना रक्त पातळ करण्याचे इंजेक्शन देऊन पाहण्याचा अभ्यास आपल्याकडे चालू आहे. गुण येईलच असे डॉक्टरांनी सांगितलेले नाही. पण दुसरे काही उरले नाही, हेही त्यांनीच सांगितले.

भरतीच्या वेळी अर्जदाराच्या पत्नी यमुनाबाई बोलून गेल्या, "पोरीचं रगत पातळ हाय जी." अंगात रक्त कमी असले की त्यांच्या गावाकडे असेच म्हणतात. पुण्याच्या शुद्ध मराठीत ते 'रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू' असे उतरले. अशा गोळ्या घेणाऱ्यास इंजेक्शन दिल्यास रक्तस्राव होईल, म्हणून अभ्यासात घेत नाहीत. नियम अगदी योग्य आहे, महोदय. फक्त गोळ्या नाहीत.

नोंद खोडा म्हटले, तर गोळ्या बंद केल्याचा दाखला मागितला. दिलीच नाही ती गोळी बंद कशी करू, असे म्हणून बिबवेवाडीच्या डॉक्टरांनी अर्जदारास दारातूनच पिटाळले. मग आपल्या खिडकीवरील साहेबांनी तोडगा काढला : गोळ्या सुरू करा, बंद करा, दाखला आणा. अर्जदार त्यालाही तयार झाले. कोणता बाप होणार नाही? परंतु तशा गोळ्या लिहून द्यायला कोणी धजत नाही. सबब, न घेतलेल्या गोळ्या बंद झाल्याचे आपणच प्रमाणित करावे.

अभ्यासाची नावनोंदणी उद्या संपत असल्याचा कागद आज दारावर लागला आहे. अर्जदाराची हयात कचेरीत शिपाईगिरीत गेली. अर्ज एका दिवसात वर जात नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

तरी इंजेक्शनचे राहू द्यावे. कळ आली की अपेक्षा किंचाळते, तेव्हा "रजेसाठी नाटकं करते" असे वॉर्डात कोणी म्हणू नये, एवढा हुकूम द्यावा. तिला ते ऐकू येते. मग ती उशीत तोंड खुपसून गप्प पडते. ते बघवत नाही हो, साहेब.

आपला नम्र व हात टेकलेला,
दशरथ खोब्रागडे
पुणे, १४ जुलै २००६

सोबत : केसपेपरची झेरॉक्स.